मेंदूची आज्ञा आणि मण्यारीचें विष

गडाची चढण चढतांना पोटरीचे स्नायु आकुंचन पावतात, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. परंतु मेंदू डोक्यांत आणि पोटरी गुडघ्याखालीं. ‘पाऊल उचल’ ही आज्ञा एकीकडून दुसरीकडे पोंचते तरी कशी, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. या प्रश्नाचा उलगडा करण्यास शास्त्रज्ञांस बेडूक, विजेचा धक्का देणारा मासा आणि सर्प अशा प्राण्यांचें साहाय्य झालें. पैकीं सर्प पन्हाळ्याच्या गवताळ उतारांवर व खालच्या शिवारांत नेहमीं आढळणारा. म्हणून हा विषय आमच्या वाचकांस, विशेषतः पालकवर्गास, अगदींच परका वाटूं नये.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें कुरारे नांवाच्या विषाचा बेडकावर प्रयोग केला. दक्षिण अमेरिकेंतील शिकारी हें विष बाणांस लावीत. विषबाधा झालेल्या बेडकाच्या मज्जातंतूस विजेचा स्पर्श केला असतां पाय हालेना. पण तोच स्पर्श प्रत्यक्ष स्नायूस केला असतां स्नायु पूर्ववत् आखडे. म्हणजे स्नायु जिवंत होता. तुटला होता तो मज्जातंतु व स्नायु या उभयतांमधील संबंध.

हा संबंध कसला, हें पुढें सन १९२१ मध्यें ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथें ऑटो लोवी यांच्या प्रयोगानें कळूं लागलें. त्यांनीं बेडकांचीं दोन हृदयें क्षारयुक्त पाण्यांत धडधडत ठेविलीं. पहिल्याचा मज्जातंतु उत्तेजित करतांच त्याची गति मंदावली. मग त्याच्या भोंवतालचें पाणी दुसऱ्यास दिलें, तों तेंही मंदावलें! पाण्यांत कांहीं तरी द्रव्य उतरलें होतें खास. (ही युक्ति आपणांस स्वप्नांत सुचली, असें लोवी सांगत.) तें द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलिन. हातापायांच्या स्नायूंसही आज्ञा पोंचविणारें हेंच द्रव्य होय, असें इंग्लंडांत हेन्री डेल व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. सन १९३६ चें नोबेल पारितोषिक लोवी व डेल यांस विभागून मिळालें.

पुढील गोष्ट समजण्यास पन्हाळ्याच्या मुलांनीं सन १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा आठवावा. मज्जातंतूचें टोंक व स्नायु यांमध्यें एक अतिसूक्ष्म फट असते. टोंकाशीं लहान लहान पिशव्यांत ॲसिटिलकोलिनचे कण सांठविलेले असतात; हे आमचे जासूद. आज्ञा येतांच ते फट ओलांडून स्नायूच्या पृष्ठभागावरील दरवाजापाशीं येतात. हा दरवाजा पांच तुकड्यांच्या प्रथिनाचा असून दोन जासूद आपापल्या जागीं बसले कीं तो उघडतो व सोडियमचे कण आंत शिरतात. मग स्नायूच्या आंत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतु एकमेकांवरून सरकतात आणि स्नायु आखडतो. जासुदाचें काम होतांच एक पाचकद्रव्य त्याचे तुकडे करतें. तसें न होईल तर आखडलेला स्नायु सैल होणार नाहीं.

नागाचें विष नेमकें या दरवाजाशीं चौकी मांडतें. जासूद येतात, पण त्यांस जागा मिळत नाहीं. मण्यारीचें विष याहून क्रूर. त्यांतील एक द्रव्य अशीच चौकी बसवितें, आणि दुसरें मज्जातंतूचें टोंक, म्हणजे जासुदांचें कोठारच, उद्ध्वस्त करतें. तैवानांत चँग व ली या शास्त्रज्ञांनीं सन १९६३ मध्यें तेथील मण्यारीच्या विषापासून हीं द्रव्यें वेगळीं केलीं. त्यांपैकीं पहिलें द्रव्य दरवाजास इतकें घट्ट चिकटतें कीं, सन १९७० मध्यें झाँ-पिएर शांझ्यू यांनीं ली यांच्या साहाय्यानें त्याचाच गळासारखा उपयोग केला, आणि विजेच्या माशाच्या अवयवांतून तें दरवाजाचें प्रथिन ओळखून काढलें.

ॲसिटिलकोलिन मेंदूंतही असतें. स्मृति व अवधान यांस तें लागतें. परंतु सर्पविषाचे मोठाले कण रक्तांतून मेंदूंत सहसा शिरत नाहींत. यामुळें रोग्याच्या पापण्या मिटतात, वाचा बसते, श्वास मंदावतो, तरी तो पुष्कळदां पूर्ण शुद्धीवर असतो.

भारतांत सन २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें सुमारे १२ लक्ष माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्यांस चावते. वेदना जवळजवळ नसतात, व्रण दिसेलच असेंही नाहीं. पहांटे मूल पोट दुखतें म्हणतें, डोळे जड होतात, आणि घरचीं माणसें अजीर्ण समजून ओवा देतात. तेवढ्यांत कोठार जळून जातें. मांत्रिकास यश येतें तें बहुधा साप बिनविषारी असल्यामुळें किंवा विष आंत न गेल्यामुळें. खाटेवर निजावें, मच्छरदाणी अंथरुणाखालीं खोंचावी. दंश झालाच तर जखम कापूं नये, चोखूं नये, करकचून बांधूं नये. अवयव न हालवितां तत्काळ रुग्णालय गांठावें.

तेथें मिळणारें प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून करतात. घोड्यास अल्प मात्रेनें विष टोंचीत गेलें म्हणजे त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारीं प्रथिनें उत्पन्न होतात. मुंबईस परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत सन १८९९ मध्यें प्लेगच्या संशोधनासाठीं जी प्रयोगशाळा आली व सन १९२५ पासून जिला हाफकिन यांचें नांव आहे, तेथेंही हें काम झालें. बेडकाचें व घोड्याचें हें ऋण लहान नव्हे.

प्रतिविष रक्तांत फिरणारें विष निकामी करतें. मोडलेलें टोंक मात्र तें सांधूं शकत नाहीं. नागदंशांत जासुदांचा नाश थांबविणारें निओस्टिग्मिन हें औषध पुष्कळदां उपयोगी पडतें, कारण जासुदांची संख्या वाढली म्हणजे चौकी हटूं लागते. मण्यारीच्या दंशांत कोठारच नसल्यानें त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. तेथें यंत्रानें श्वास चालू ठेवून मज्जातंतूस नवीं टोंकें फुटेपर्यंत वाट पाहावी लागते. त्यास कांहीं दिवस, कधीं आठवडेही लागतात. तोंवर रोगी निश्चल पडून असतो, डोळे उघडीत नाहीं. परंतु उशाशीं बसून आई हांक मारते, ती त्यास ऐकूं येत असते.