तणांची ओळख आणि अवजारांची निवड

बागकामाची हौस लागली की मनुष्य प्रथम अवजारांच्या दुकानाकडे वळतो. तेथे मांडलेली नवी अवजारे पाहून त्यांपैकी निम्मी तरी आपल्याला हवीतच असे त्याला वाटू लागते. वस्तुतः कोणते अवजार घ्यावे हे बागेतील जमिनीवरून आणि तिच्यात उगवणाऱ्या तणांवरून ठरते. म्हणून या प्रकरणात आधी तणांचा व नंतर अवजारांचा विचार केला आहे. हा क्रम उलटा झाला तर केवळ पैसाच वाया जातो असे नाही. चुकीच्या जागी चालवलेले अवजार काही तणांचा नाश करण्याऐवजी त्यांची वाढच करते.

तण कशाला म्हणावे

नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण. ही व्याख्या सोपी असली तरी तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. कोणतीही वनस्पती जन्मतः तण नसते. उत्तर भारतात बथुआ या नावाने ओळखला जाणारा चाकवत गव्हाच्या शेतात तण ठरतो आणि स्वयंपाकघरात त्याचीच भाजी होते. हरळीला हिंदीत दूब व तमिळमध्ये अरुगम्पुल म्हणतात. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या ह्याच. हिरवळीसाठी लोक ती मुद्दाम लावतात; पण भाजीच्या वाफ्यात शिरलेली हरळी माळ्याला नकोशी होते.

तण पिकाच्या वाट्याचे पाणी, अन्नद्रव्ये आणि सूर्यप्रकाश घेते. ही स्पर्धा पिकाच्या लहानपणी सर्वांत घातक असते. पेरणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वाफा स्वच्छ राहिला, तर पुढे पिकाच्या पानांची सावली जमिनीवर पडते आणि उशिरा उगवणारे तण आपोआप दुबळे होते. उलट, आरंभीचे हे आठवडे हातचे गेले, तर नंतर कितीही खुरपणी केली तरी झालेली हानी पूर्णपणे भरून निघत नाही.

पाने पाहावीत, मुळेही पाहावीत

नवशिक्या माळ्याने तणांची शेकडो नावे पाठ करण्याची आवश्यकता नाही. त्याने प्रत्येक प्रकारचे एकेक रोप मातीसकट उपटून पाण्यात धुवावे आणि त्याचा जमिनीखालचा भाग नीट पाहावा. तंतुमय किंवा साधे, बारीक मूळ दिसले, तर ते तण बहुधा केवळ बियांवर पसरणारे असते. कंद, गाठी, जमिनीखालून आडवे जाणारे खोड किंवा जाड सोटमूळ आढळले, तर ते बहुधा बहुवर्षायू तण समजावे. पहिल्या वर्गाला बी धरू द्यायचे नाही, आणि दुसऱ्या वर्गाचा जमिनीखालील साठा संपवायचा, असे हे दोन नियम आहेत. पुढील सर्व कामे याच दोन नियमांतून निघतात.

बियांवर जगणारी तणे

या वर्गात आज सर्वत्र आढळणारे तण म्हणजे गाजरगवत. मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील हे झाड १९५० नंतरच्या दशकात पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आले आणि पुढे जवळजवळ साऱ्या देशात पसरले. त्याचे कोवळे रोप जमिनीसरसे चक्राकार पसरते व त्याची पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. पुढे खोड वर चढते आणि त्यावर लहान पांढरी फुले येतात. एक झाड हजारो बिया निर्माण करते. त्याच्या संपर्काने अनेकांच्या त्वचेवर चट्टे उठतात, काहींना दम्याचाही त्रास होतो. म्हणून हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच ते काढावे आणि ज्यांना त्याची बाधा होते त्यांनी त्याला हात लावू नये. विळ्याने कापल्यास ते बुडाशी पुन्हा फुटते. पावसाने जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, ते मुळासकट उपटणे हाच खरा उपाय होय. त्याची पाने खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा १९८० नंतरच्या दशकात बंगळूर येथे आणून सोडण्यात आला आणि पावसाळ्यात अनेक ठिकाणी तो हे काम करताना दिसतो. तथापि लहान बागेत माळ्याच्या हाताला पर्याय नाही.

घोळ ही मांसल पानांची, तांबूस देठांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती असून तिची भाजी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या देठांत पाण्याचा साठा असतो. त्यामुळे उपटून वाफ्यातच टाकलेली घोळ लगेच मरत नाही. तिच्या तुकड्यांना पुन्हा मुळे फुटू शकतात आणि फुलांवर आलेले झाड उपटल्यावरही बी पक्व करू शकते. ती उपटल्याबरोबर घमेल्यात टाकावी व वाफ्याबाहेर न्यावी.

आंबुशीची पाने तीन हृदयाकार दलांची, चवीला आंबट असतात आणि फुले पिवळी असतात. तिच्या वाळलेल्या शेंगा स्पर्श होताच तडकून बी दूरवर उडवतात. शेंगा धरण्याआधीच तिचा बंदोबस्त करावा.

निळ्या फुलांचा केना मात्र दोन्ही वर्गांच्या सीमेवर उभा आहे. त्याच्या खोडाचे तुकडे पेराजवळ मुळे धरतात. शिवाय जमिनीवरील निळ्या फुलांखेरीज त्याला जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात व तेथेच बी तयार होते. म्हणून वरवर खुडलेला केना संपला असे समजू नये. त्याला खालून उचलून काढावे लागते.

जमिनीखाली जगणारी तणे

लव्हाळा हा या वर्गाचा अग्रणी होय. जगातील सर्वांत त्रासदायक तणांत त्याची गणना होते. हिंदीत त्याला मोथा, बंगालीत मुथा आणि तमिळमध्ये कोरै म्हणतात. पहिल्या दृष्टीला तो गवतासारखा दिसतो, परंतु तो गवत नव्हे. त्याचा फुलोऱ्याचा देठ दोन बोटांत धरून फिरवावा, म्हणजे त्याच्या तीन कडा हाताला जाणवतात. गवताची खोडे बहुधा गोल असून त्यांवर पेरे असतात. लव्हाळ्याची पाने तीन रांगांत येतात, गवताची दोन रांगांत. त्याचे काळपट, सुगंधी कंद आयुर्वेदात मुस्ता या नावाने औषधात वापरतात.

हे कंद तारेसारख्या बारीक खोडांनी एकमेकांना साखळीने जोडलेले असतात. साखळी अखंड असेपर्यंत तिच्यातील अनेक कंद निद्रिस्त राहतात. कुदळीने किंवा खुरप्याने ती तोडली की एकेक कंद स्वतंत्रपणे जागा होतो. ज्याने खुरपणीच्या नावाखाली केवळ वरची माती ढवळली, त्याला पंधरा दिवसांनी आधीपेक्षा दाट लव्हाळा दिसतो, त्याचे कारण हेच.

याला तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे उन्हाळ्यातील खोल खणणी. बहुतेक कंद वरच्या १५ सेंटीमीटर मातीत असतात. एप्रिल-मे महिन्यांत कुदळीने याहून खोल खणून ढेकळे उलटी केली आणि ती उन्हात वाळू दिली, तर उघडे पडलेले कंद सुकून मरतात. जे दिसतील ते वेचून घ्यावेत. दुसरा उपाय म्हणजे सातत्य. नवे कोंब आल्यावर तीन-चार आठवड्यांत त्यांच्याखाली नवे कंद धरू लागतात. म्हणून दर दोन आठवड्यांनी कोंब काढत राहिल्यास जुन्या कंदांतील साठा झिजत जातो. तिसरा उपाय सावलीचा. लव्हाळ्याला सावली मानवत नाही. रताळी, भोपळा, चवळी यांसारखी जमीन झाकणारी पिके घेतल्यास तो मागे हटतो.

हरळीच्या धावत्या खोडाच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटू शकते. ती तोडू नये, माती सैल करून ओढून काढावी व तिचे तुकडे वेचावेत. हरळीचे वा लव्हाळ्याचे अवशेष ओले असताना कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत, नाहीतर खताबरोबर ते साऱ्या बागेत परततात. पुनर्नवेचे सोटमूळ खोल जाते. वरचा भाग सुकून गेला तरी पावसाळ्यात ते पुन्हा फुटते आणि त्यावरूनच तिचे नाव पडले आहे. तेथे खुरप्याचे टोक मुळाच्या कडेने खोल घालावे लागते.

कोणती अवजारे घ्यावीत

आरंभी पाच अवजारे पुरेशी आहेत. ती म्हणजे खुरपे, कुदळ, फावडे, दंताळे आणि विळा. यांच्या जोडीला एक घमेले व एक झारी असावी.

खुरपे हे भारतीय बागेचे मुख्य अवजार होय. प्रदेशाप्रमाणे त्याचा आकार बदलतो, पण निवडीची कसोटी एकच आहे. पाते व दांड्यात शिरणारा भाग एकाच लोखंडातून घडवलेला असावा. जोडलेले पाते जोडावरच तुटते. दांड्याच्या तोंडाशी लोखंडी कडे घट्ट बसवलेले असावे. गावोगावचे लोहार मालमोटारींच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून जी खुरपी घडवतात, ती पत्र्याच्या रंगीत खुरप्यांपेक्षा अधिक टिकतात. आपल्या देशात खुरपणीचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात व तासन्‌तास उकिडवे बसून करतात. तेव्हा खुरपे वजनाला हलके आणि मुठीत नीट मावणारे आहे ना, हे वापरणाऱ्या व्यक्तीच्या हातात देऊनच ठरवावे. ज्यांना गुडघ्यांमुळे बसणे शक्य नाही, त्यांनी लांब दांड्याचे हातकोळपे घ्यावे. भोपाळ येथे १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने दोन चाकांचे हातकोळपे विकसित केले असून ते ओळीत पेरलेल्या पिकांत उभ्याने चालवता येते.

कुदळ कठीण जमीन फोडते व फावडे सैल माती ओढते. ही कामे भिन्न आहेत. एकाचे काम दुसऱ्याकडून घेऊ नये. कुदळ दीड ते दोन किलोंहून जड नसावी. जड कुदळीने पहिल्या दिवशी काम जास्त होते आणि दुसऱ्या दिवशी पाठ दुखते. दांडे बाभळीचे किंवा भरीव बांबूचे असावेत. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीच्या दिशेने सरळ जातात का, मध्ये गाठ आहे का, हे पाहावे. दंताळ्याने ढेकळे, कंद व मुळ्या गोळा करता येतात. त्याचा दांडा उभा धरला असता खांद्यापर्यंत यावा, म्हणजे वाकावे लागत नाही. विळा कडेचे गवत कापण्यासाठी आहे. वाफ्यातील तणांवर तो चालवू नये.

काम झाल्यावर माती खरवडून अवजार कोरडे करावे व पात्यावर तेलाचे बोट फिरवावे. खुरप्याला कानशीने वेळोवेळी धार द्यावी. बोथट खुरपे तणाला कापत नाही, केवळ दाबते. लाकडी दांड्यांना वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळल्यास ते तडकत नाहीत.

आरंभीचा क्रम

नव्या वाफ्यात बी नेहमी ओळीत पेरावे. मग ओळींच्या मध्ये जे उगवेल ते तण, हे नवशिक्यालाही कळते. पेरणीपूर्वी वाफा तयार करून पाणी द्यावे, आठ-दहा दिवसांत उगवलेले कोवळे तण खुरप्याने वरचेवर खरवडून काढावे आणि मगच बी पेरावे. खरवडताना माती खोल उलटू नये, कारण खालची झोपलेली बीजे त्यामुळे वर येतात. रोपे वाढल्यावर ओळींमध्ये वाळलेल्या पानांचे पाच-सात सेंटीमीटर जाडीचे आच्छादन घालावे. बाहेरून माती, शेणखत किंवा कुंडीतील रोप आणताना त्यात लव्हाळ्याचे कंद तर नाहीत ना, हे अवश्य पाहावे. नव्या बागेत हे तण बहुधा याच मार्गाने शिरते.

तणांचा समूळ नाश कोणत्याही बागेत होत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. मात्र दर आठवड्याला अर्धा तास, धारदार खुरपे घेऊन, मूळ ओळखून केलेले काम महिन्यातून एकदा दिवसभर केलेल्या कष्टांपेक्षा अधिक फळ देते.