स्वदेशी वृक्ष व त्यांचे आश्रित

बाग म्हटली की सारखे कातरलेले कुंपण, फुलझाडांच्या सरळ ओळी आणि एकही छिद्र नसलेली पाने, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या पानास कोणीच तोंड लावीत नाही, ते पान खरोखर निर्दोष म्हणावे काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम चिमणीचे उदाहरण घेऊ. ती दाणे टिपणारी, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपल्या कोवळ्या पिलांना ती मुख्यत्वेकरून अळ्या व किडेच भरविते. अळ्या पानांवर वाढतात, आणि प्रत्येक अळीला वाटेल ते पान चालत नाही. वनस्पती स्वसंरक्षणार्थ पानांत कडू व विषारी द्रव्ये साठवितात. दीर्घ सहवासाने ती पचविण्याची शक्ती ज्या कीटकास लाभली, त्यासच ते पान अन्न होते. रुईच्या पानांवर पोसणारी बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी तेच विष अंगी बाळगून पक्ष्यांपासून आपला बचाव करिते. कढीपत्त्यावरील अळी आरंभी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते, व शेवटी तिचेच सुंदर फुलपाखरू बनते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य-फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंतही लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते.

आता वृक्षांकडे वळू. गुलमोहर मूळचा मादागास्करचा व पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा. त्यांची शोभा व छाया आम्ही नाकारीत नाही; परंतु गुलमोहराच्या लाकडासारख्या शेंगेत पाखराला गर मिळत नाही. उंबर फळला म्हणजे मात्र तांबट, हळद्या, बुलबुल व कोकिळ यांची पंगत बसते, आणि रात्री वटवाघळे येतात. उंबराच्या फळात एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी वाढते. तिच्यावाचून त्यात बीज धरत नाही, आणि उंबरावाचून तिचा वंश चालत नाही. पळस, पांगारा व काटेसावर ऐन पानगळीच्या दिवसांत फुलून मधाची पाणपोईच घालितात.

अशी बाग करणे कठीण नाही. वैशाखात खड्डे खणून शेणखत घालावे व मृगाचा पाऊस स्थिरावताच रोपे लावावी. उंबर विहीर व इमारत यांपासून दूर असावा. मध्यम उंचीसाठी बहावा व ताम्हण, कुंपणासाठी करवंद व अडुळसा योग्य होत. बहाव्याचे बी टणक असते. ते खरखरीत दगडावर घासून मग भिजवावे. एका कोपऱ्यात रुई व टाकळा वाढू द्यावा. मात्र रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने तो कोपरा लहान मुलांपासून दूर निवडावा. पसरट भांड्यात पाणी ठेवून ते रोज बदलावे.

पालकांस आमची एकच विनंती आहे. कढीपत्त्याच्या कुंडीत अळी दिसताच औषध फवारू नये. दोनचार पाने गेली तरी झाड पुन्हा पालवते. परंतु घरट्यातील भुकेले पिलू दुसऱ्या दिवसाची वाट पाहू शकत नाही. प्रभु येशूने अल्पमोली चिमणीकडे बोट दाखवून स्वर्गीय पित्याच्या काळजीचा धडा शिकविला. त्या काळजीचा काही अंश आपल्या अंगणातून घडावा, याकरिता प्रत्येक विद्यार्थ्याने या पावसाळ्यात एक स्वदेशी रोप लावावे, आणि त्यावर कोण कोण येऊन राहते, याची वर्षभर वहीत नोंद ठेवावी.