'इन्फ्लेमेबल' व 'फ्लेमेबल'

पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरच्या पाठीमागें कधीं 'इन्फ्लेमेबल' तर कधीं 'फ्लेमेबल' असा शब्द लिहिलेला असतो. थोडेंबहुत इंग्रजी शिकलेल्या माणसास सहज वाटतें कीं, हे शब्द परस्परविरुद्ध असावेत. एकाचा अर्थ पेटणारें, दुसऱ्याचा न पेटणारें. हा समज चुकीचा तर आहेच, पण प्राणघातकहि आहे. दोहोंचा अर्थ एकच: 'सहज पेट घेणारें'.

मग घोटाळा कां होतो? इंग्रजींत 'इन्' हा उपसर्ग दोन कामें करितो. 'कम्प्लीट' म्हणजे पूर्ण व 'इन्कम्प्लीट' म्हणजे अपूर्ण. येथें तो नकार दाखवितो. परंतु 'इन्कम' म्हणजे मिळकत, आंत येणारा पैसा. येथें नकाराचा गंधहि नाहीं. 'इन्फ्लेमेबल' हा शब्द 'पेटविणें' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघाला आहे, व त्यांतील 'इन्' नकारार्थी नव्हे. आपल्याकडे 'ज्वलन' या शब्दास 'प्र' लागून 'प्रज्वलन' झालें म्हणून अग्नि विझत नाहीं, तसेंच हें समजावें. शरीरांतील दाहास डॉक्टर 'इन्फ्लेमेशन' म्हणतात, तोहि याच कुळांतला शब्द होय.

दोहोंपैकीं 'इन्फ्लेमेबल' हा शब्द जुना. परंतु त्यानें लोकांची फसगत होते हें ओळखून अमेरिकेंतील अग्निसंरक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेनें १९२० नंतरच्या दशकांत 'फ्लेमेबल' या शब्दाचा पुरस्कार केला. पुढें १९५९ सालीं ब्रिटिश मानक संस्थेनेंहि तेंच धोरण स्वीकारिलें. म्हणून आतां धोक्याच्या सूचनांत 'फ्लेमेबल' लिहिणें इष्ट मानितात. तापट स्वभावाविषयीं अलंकारानें बोलतांना मात्र 'इन्फ्लेमेबल' हाच शब्द योजितात.

जें पेटत नाहीं त्यास 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. तेव्हां डब्यावर 'नॉन' हीं अक्षरें स्पष्ट दिसल्यावांचून तो निर्धोक मानूं नये. रिकाम्या पिंपाविषयींहि सावध असावें. आंतलें पेट्रोल संपलें तरी त्याची वाफ उरते, व ती ठिणगीनें भडकते. ही वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरत दूरच्या चुलीपर्यंतहि पोहोंचूं शकते. पेट्रोलनें पेट घेतलाच तर त्यावर पाणी ओतूं नये. तें पाण्यावर तरंगतें व आग अधिकच पसरते. लहानशी आग असल्यास वाळू टाकावी.

गांवांतील शिक्षकांनीं हे दोन शब्द फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहून, दोहोंखालीं एकच ज्वाळा काढून दाखवावी. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांस डब्यावरील ज्वाळेचें चित्र ओळखावयास शिकवावें. उपसर्गाच्या अज्ञानानें परीक्षेंत दोन गुण गेले तर ते पुन्हां मिळवितां येतात. परंतु त्याच अज्ञानानें घरास आग लागली तर झालेली हानि भरून निघत नाहीं.