सीमाभागातील विद्यापीठ ग्रंथालये : नोंद कोण करणार?
गुलबर्गा विद्यापीठ १९८० चे, कडगंचीचे केंद्रीय विद्यापीठ २००९ चे. बीदरचे तर अगदी अलीकडचे. भालकी, औराद, आळंद भागांतील मराठी घरांतली मुले याच परिसरात शिकतात. ग्रंथालयाचा भावी आराखडा म्हटला की वाचनकक्ष, संगणक, ई-पुस्तके यांची मोजदाद होते. मराठी ग्रंथांची नोंद कोण करणार, हा प्रश्न मला त्याआधीचा वाटतो.

'ज्ञानेश्वरी'च घ्या. सूची रोमन लिपीत असेल तर 'ज्ञ'साठी मराठी उच्चाराने डीएन, संस्कृत वळणाने जेएन, कन्नड उच्चाराने जीएन. एकच ग्रंथ तीन ठिकाणी विखुरतो आणि शोधणाऱ्याला तो नाहीच असे वाटते. युनिकोड देवनागरीत नोंद केली की हा घोळ मिटतो. पण मुखपृष्ठ वाचणारा माणूस तर हवा! ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६, कन्नड ८९४.८१४. बसवकल्याणच्या अभ्यासकाला दोन्ही कपाटे लागतात, आणि ती जोडून दाखवतो दोन्ही भाषा जाणणारा ग्रंथपाल. असे पदवीधर या भागात दुर्मिळ नाहीत. भरतीच्या अर्हतेत 'मराठी वाचता येणे इष्ट' एवढी ओळ घालावी. मोडी वाचणारा मिळाला, तर सोन्याहून पिवळे.