खट् आवाजावर विश्वास नको

अमेरिकेत गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा तर गाडीला लोखंडी हिच बॉल असतो आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला त्या बॉलवर बसणारा खोलगट कपलर. घरगुती वापरात बॉल मुख्यतः तीन मापांचे असतात: 1-7/8 इंच, 2 इंच आणि 2-5/16 इंच. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर 47.6, 50.8 आणि 58.7. पहिल्या दोन मापांत फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. काळ्या रंगाचे, ग्रीस फासलेले दोन बॉल शेजारी ठेवले तरी कोणता कुठला, हे नजरेनं ओळखणं अवघड जातं. एकटाच बॉल समोर असेल तर ते जवळपास अशक्यच.

आपल्याकडे ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडताना हा घोळ होत नाही. तिथे पिन असते. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात, त्याही पिनेवरच. पिन भोकात जात नसेल तर ते लगेच समजतं आणि सैल असेल तर खुळखुळते. बॉलचं मात्र तसं नाही. तो चुकीच्या मापाचा असला तरी कपलर त्यावर आरामात बसतो, तो बंद करायची लिव्हर खाली जाते, खट् असा आवाज येतो आणि माणूस निर्धास्त होतो.

ह्यूस्टनच्या परिसरात राहणारे एक मराठी अभियंते असेच निर्धास्त झाले होते. त्यांच्या पिकअपला जुन्या, छोट्या बोटीच्या ट्रेलरसाठी घेतलेला 1-7/8 इंची बॉल होता. मंडळाच्या गणपतीसाठी मखर, प्लायवूडचे तक्ते, घडीच्या खुर्च्या आणि स्पीकर हॉलवर न्यायचे होते, म्हणून ओळखीच्या एकांचा सामानाचा ट्रेलर उसना आणला. त्याचा कपलर 2 इंची होता. ‘नीट लागलंय ना रे?’ असं कुणीतरी विचारलंही. ‘लागलंय की, खट् वाजलं,’ हे त्यांचं उत्तर.

सरळ रस्त्यावर काहीच झालं नाही. पुढे रेल्वे क्रॉसिंग आलं. गाडीची मागची चाकं रुळांवरून उतरली, ट्रेलरची चढली आणि त्या हिसक्यात कपलर बॉलवरून उचलला गेला. ‘मागून घणाचा घाव बसल्यासारखा आवाज आला. आरशात बघितलं तर ट्रेलर भलत्याच कोनात,’ असं ते सांगतात. सुरक्षेसाठी लावायच्या दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून लावलेल्या होत्या. त्यामुळे दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी त्या फुलीत अडकला. ब्रेक लागताच ट्रेलर पुढे येऊन पिकअपच्या बंपरवर आदळला. दोन स्पीकर गेले, मखराचा एक खांब मोडला. कुणाला लागलं नाही. मूर्ती दुसऱ्या गाडीत होती, हे बाप्पांचं दूरदर्शीपणच म्हणायचं.

दोष फक्त बॉलचा नव्हता. जड तक्ते चढवायला सोपं पडावं म्हणून मागच्या दाराजवळच रचले होते, खुर्च्या पुढे होत्या. ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार दांड्याच्या टोकावर, म्हणजे बॉलवर खाली दाबत असायला हवा. हा दाब असेपर्यंत लहान बॉलवरचा मोठा कपलरही बिनबोभाट बसून राहतो आणि फसवणूक नेमकी इथेच होते. मागचा भाग जड झाला की दांडा वर उठू पाहतो. तेव्हा कपलरला धरून ठेवायचं काम बॉलच्या सर्वांत रुंद भागाखाली आत सरकणाऱ्या जबड्याचं असतं. हा जबडा 50.8 मिलिमीटरच्या बॉलसाठी बेतलेला असेल तर 47.6 च्या बॉलखाली त्याची पकड पुरत नाही. शिवाय मागे जड असलेला ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावे खातो, ते वेगळंच. म्हणून सामान भरताना साधारण 60 टक्के वजन चाकांच्या पुढे आणि 40 टक्के मागे, असा प्रघात आहे.

उलट चूक, म्हणजे मोठा बॉल आणि लहान कपलर, तितकी धोक्याची नाही, कारण तो कपलर बसतच नाही. खरा धोका सगळं ‘बसतंय’ असं वाटतं तेव्हा असतो. 2-5/16 इंची कपलर 2 इंची बॉलवर ठेवला तर फरक आठ मिलिमीटरचा होतो, तरीही अनेकदा लिव्हर बंद होते.

मग माप कळायचं कसं? वाचून. बॉलच्या डोक्यावर व्यास आणि वजनक्षमता ठसवलेली असते. कपलरच्या वरच्या बाजूला त्याला लागणाऱ्या बॉलचं माप असतं. ग्रीस आणि चिखलाखाली ही अक्षरं दडलेली असतात. चिंधीनं पुसायला मिनिटही लागत नाही. अक्षरं झिजली असतील तर व्हर्निअर कॅलिपरनं बॉल मोजावा. नेहमीच्या पट्टीनं मोजण्यात अर्थ नाही, गोलाचा व्यास पट्टीवर कधी नीट कळत नाही.

वजनक्षमता वाचणंही तितकंच गरजेचं. एकाच 2 इंची मापात 3,500 पौंड पेलणारा बॉल मिळतो आणि 6,000 पौंड पेलणाराही. फरक बहुतेकदा खालच्या दांडीच्या जाडीत असतो. पाऊण इंची दांडीचा बॉल एक इंची भोकात घालून मोठ्या वॉशरवर भागवणारे महाभाग आहेत. त्यांच्यामागून गाडी चालवू नये, याहून जास्त काय सांगणार? बॉल, तो ज्यावर बसवतात तो माउंट, माउंट ज्यात सरकवतात तो गाडीचा रिसीव्हर, कपलर आणि स्वतः गाडी, यांत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच अख्ख्या जोडणीची क्षमता. पिकअप दहा हजार पौंड ओढू शकतो याला साडेतीन हजारांच्या बॉलपुढे काहीच किंमत नाही.

मापांचा हा गुंता अमेरिकेपुरता नाही. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात 50 मिलिमीटरचा बॉल रूढ आहे, तर न्यूझीलंडमध्ये 1-7/8 इंच आणि 50 मिलिमीटर ही दोन्ही मापं रस्त्यावर आहेत. 50 मिलिमीटरचा कपलर 1-7/8 इंची बॉलवर लावला की तोच सैलपणा येतो. ऑकलंडमध्ये किंवा मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्यांनी परदेशातून मागवलेला 2 इंची बॉल ‘जवळपास तेवढाच’ म्हणून वापरू नये. 0.8 मिलिमीटरच्या फरकानंही 50 चा कपलर त्यावर पूर्ण बसेलच असं नाही.

जोडणी झाली, लिव्हरच्या भोकात पिन घातली, साखळ्या फुलीसारख्या लावल्या की एक तपासणी करायची. ट्रेलरच्या पुढच्या जॅकनं दांडा थोडा वर उचलायचा. गाडीचा मागचा भागही त्याबरोबर दोन-चार इंच उचलला गेला पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर त्यानं बॉल धरलेला नाही. वाकून खालून हातानं चाचपायचं: जबडा बॉलच्या खाली आलाय की वरच टेकलाय? योग्य मापाचा कपलरही सैल वाटत असेल तर बहुतेक कपलरना खालच्या बाजूला ताण कमी-जास्त करायचा नट असतो. मात्र जॅकची ही परीक्षा माप वाचण्याला पर्याय नाही. तीन मिलिमीटरची चूक अंगणातल्या सावकाश उचलण्यात कधी कधी लपून राहते आणि खड्ड्यात उघडी पडते. निघाल्यावर पहिल्या काही मैलांनंतर एकदा थांबून सगळं पुन्हा बघावं.

एकाच माउंटवर तिन्ही मापांचे बॉल असलेले तिहेरी माउंटही मिळतात. सोयीचे आहेत, पण घाईच्या वेळी चुकीचा बॉल वर राहण्याची शक्यताही तेच वाढवतात आणि त्यांच्यावरच्या तिन्ही बॉलची क्षमता वेगवेगळी असते. ज्यांच्याकडे एकच ट्रेलर आहे, त्यांनी एकाच मापाचा बॉल ठेवलेला बरा.

ते अभियंते आता 2 इंची बॉल वापरतात. बोटीच्या ट्रेलरचा कपलरही त्यांनी त्याच मापाचा बसवून घेतला. साध्या बॉलची किंमत वीस-तीस डॉलरच्या घरात असते, दोन स्पीकरांची त्याच्या कितीतरी पट. गणेशोत्सव, दिवाळी, घर बदलणं अशा निमित्तानं मंडळांत आणि मित्रांत ट्रेलर उसने दिले-घेतले जातात. घेणारा घाईत असतो आणि बॉलचं माप विचारायचं त्याला सुचत नाही. म्हणून ट्रेलरच्या मालकांना विनंती: दांड्यावर, कपलरच्या शेजारी, पांढऱ्या ऑइलपेंटनं ठळक आकड्यांत बॉलचं माप लिहून ठेवा.