धर्ममाता होण्याआधी

वाचन : उपदेशक ५:४-५, प्रेषितांची कृत्ये ९:२६-२८, २ तीमथ्य १:५

समजा, रामाकोना येथील एका कुटुंबात बाळाचा बाप्तिस्मा ठरला आहे. नागपुरात नोकरीस असलेल्या मावशीला निरोप जातो, "तुम्ही बाळाची धर्ममाता व्हा." मावशीला आनंद होतो. झबले येते, चांदीची साखळी येते, फोटो निघतात, जेवण होते. पुढे वर्षभर मावशी आणि बाळ यांची भेट होत नाही.

यात दोष मावशीला देऊन आम्हाला मोकळे होता येत नाही. आम्हीही असाच होकार दिला होता, आणि त्या मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख आज आम्हाला आठवत नाही.

शौल यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला बरोबर घेऊन त्याच्याविषयी साक्ष दिली. दुसऱ्यासाठी उभे राहणे ते हेच. सुमारे इ. स. २०० मध्ये कार्थेजच्या टर्टुलियनने बाप्तिस्म्यावर लिहिताना लेकरांसाठी उभे राहणाऱ्या जामिनांचा उल्लेख केला. जामीन स्वतःच मरण पावला तर वचनाचे काय, अशी त्याला काळजी होती. म्हणून लेकरांचा बाप्तिस्मा घाईने करू नये, असे त्याचे मत होते. ते मत सर्वांनी मानले नाही. पण त्याची काळजी खरी आहे. कर्जाला जामीन राहताना आपण दहादा विचार करतो. मग येथे का नाही?

सर्व मंडळ्यांची रीत एक नाही. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणे मुलासाठी दोन धर्मपिते व एक धर्ममाता, मुलीसाठी दोन धर्ममाता व एक धर्मपिता लागत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिने बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही रीतींना जागा दिली. म्हणून आपल्या पाळकांना आधी विचारावे.

मग होकार कोणी द्यावा? जो बाळाचे नाव रोज प्रार्थनेत घेईल, बाप्तिस्म्याचा दिवस दरवर्षी आठवणीत ठेवील, पुढे त्याला शब्बाथशाळेची वाट दाखवील आणि दृढीकरणापर्यंत साथ देईल, त्याने. पैसा व हुद्दा येथे कामाचा नाही. लोईस आजीजवळ होता तो निष्कपट विश्वास. कदाचित शेजारच्या म्हाताऱ्या बाईच अधिक योग्य ठरतील.

ज्याला हे जमणार नाही त्याने प्रेमाने म्हणावे, "बाळासाठी आम्ही प्रार्थना करू, पण हे वचन आमच्याने पाळवणार नाही." असा नकार म्हणजे नाते तोडणे नव्हे. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, हे उपदेशकाने सांगितलेच आहे.

आणि ज्यांनी आधीच होकार दिला आहे त्यांनी? त्यांनी या आठवड्यात एक पत्र लिहावे किंवा फोन करावा. आम्हीही तारीख विचारून घेणार आहोत.

वर्गात चर्चेसाठी :
१. आपल्या धर्ममायबापांनी आपल्याला काय शिकवले?
२. धर्ममायबाप दूर गेले तर मंडळीने काय करावे?