शेतकऱ्यानें सभेंत बोलावें कसें ?

शेतकऱ्याला बोलतां येत नाहीं, असें म्हणण्याची एक रूढी पडली आहे. म्हणणारांत शहरी सुशिक्षित असतात, तसे स्वतः शेतकरीही असतात. हा समज एकदां बैलबाजारांत जाऊन तपासून पाहावा. ज्या गृहस्थाला ग्रामसभेंत उभें केलें असतां चार वाक्यें धड जुळवितां येत नाहींत, तोच गृहस्थ तेथें खोंडाच्या दातांपासून चालीपर्यंत एकेक मुद्दा असा मांडतो कीं, समोरच्या दलालाला उत्तर सुचत नाहीं. रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरविण्याची जुनी चाल जेथें आहे तेथें तर निम्मी भाषा हाताचीच. तरी व्यवहार चुकत नाहीं. तेव्हां वाणींत कांहीं उणें आहे असें म्हणवत नाहीं. उणें आहे तें दुसरीकडे. बाजारांत जातांना त्यानें एक आंकडा मनांत पक्का केलेला असतो, आणि त्याच्या खालीं उतरावयाचें नाहीं हें त्याला ठाऊक असतें. सभेंत येतो तेव्हां त्याच्या मनांत गाऱ्हाणें असतें, मागणी नसते. ह्या दोहोंतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वक्तृत्व ही हौसेची बाब आहे, आपल्याला काय करावयाचें, असें कोणी म्हणेल तर त्यानें आपले अधिकार कोठें कोठें आहेत हें पाहावें. राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती १९९३ सालीं अमलांत आली आणि ग्रामसभेला घटनेंत स्थान मिळालें. गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे तो प्रत्येकजण तिचा सभासद. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याखालील संस्थेनें आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आंत घ्यावयाची असते, आणि तेथें एका सभासदास एकच मत असतें, मग त्याचे भाग दहा असोत कीं हजार. कालव्याच्या पाण्याची वांटणी लाभधारकांच्या पाणीवापर संस्थांकडे देणारा कायदा २००५ सालीं झाला. म्हणजे कर्ज, पाणी आणि रस्ता ह्या तीन गोष्टी, ज्यांवर आपला संसार उभा आहे, त्या बऱ्याच अंशीं सभेंत ठरतात. सभेंत जो मुका राहिला त्याच्या वांट्याला काय येतें तें सांगावयास नको.

एक कल्पित उदाहरण घेऊं. परंतु कालव्याकांठीं राहणाऱ्या वाचकांस तें मुळींच कल्पित वाटणार नाहीं. चारीच्या शेवटीं ज्याची जमीन आहे त्याला पाणी पोहोंचत नाहीं. पाणीवापर संस्थेच्या सभेंत तो उभा राहतो. प्रथम व्यासपीठावरील सर्वांचीं नांवें घेतो. मग वडिलांच्या वेळीं पाट कसा भरून वाहत असे तें सांगतो. मग वरच्यांचे सगळे लाड होतात असें म्हणतो, आणि वरच्यांमध्यें त्याचा चुलत भाऊ बसलेला असल्यामुळें बांधाचा सहा वर्षांपूर्वींचा तंटा आपोआप तोंडांत येतो. चुलत भाऊ उठतो. दोन्हीकडून आवाज चढतात, चार वडीलधारे दोघांना खालीं बसवितात, आणि अध्यक्ष पुढचा विषय घेतात. पाण्याविषयीं एक अक्षरही कोणी बोललें नाहीं! रब्बी कोरडी जाते ती ह्या ठिकाणीं; पुढें शेतांत तिचा फक्त निकाल दिसतो.

आतां हेंच म्हणणें दुसऱ्या रीतीनें मांडून पाहूं.

“अध्यक्ष महाराज, मी चौथ्या चारीच्या शेवटचा सभासद आहें. माझी मागणी एकच आहे: येत्या रब्बीची पहिली पाळी शेवटाकडून सुरू करावी. गेल्या रब्बींत तीन पाळ्या झाल्या. पहिली आमच्यापर्यंत आली नाहीं. दुसरीचें पाणी ९ तास मिळालें, तिसरीचें ४ तास. आम्हीं शेवटचे ११ खातेदार. आमचें क्षेत्र २२ एकर. त्यांपैकीं १४ एकर गहूं व हरभरा वाळला. पाणीपट्टी आम्हीं पूर्ण भरली आहे, पावत्या येथें आहेत. वरच्या मंडळींचें पाणी कमी करा असें मी म्हणत नाहीं. क्रम बदला, एवढेंच म्हणतों. एक पाळी करून पाहावी, आणि दोन्हीकडचा हिशेब पुढच्या सभेंत मांडावा.”

हें भाषण घड्याळ लावून वाचलें तर सुमारें एका मिनिटाचें आहे. त्यांत अलंकार नाहीं, म्हण नाहीं, कोणाचा उद्धार नाहीं. मागणी दुसऱ्याच वाक्यांत आली आहे, आणि हेंच सर्वांत महत्त्वाचें. आपल्याकडे कथा सांगतांना शेवट राखून ठेवण्याची संवय आहे, ती कीर्तनांत शोभते. सभेंत मात्र श्रोत्याला तुम्हांला काय हवें आहे हें कळल्याशिवाय तुमचे आंकडे तो कोठें ठेवणार? दुसरी गोष्ट, बोलणारानें समोरच्याची भीति ओळखून ती आधींच काढून टाकली आहे. वरचा खातेदार विरोध करतो तो आपलें पाणी जाईल म्हणून. तें जाणार नाहीं असें स्पष्ट म्हटल्यावर त्याच्या विरोधाचा निम्मा जोर सरतो. तिसरी, मागणी लहान आहे. कायमचा नियम करा म्हटलें तर समिति विचारार्थ ठेवील. एक पाळी करून पाहा म्हटलें तर नाहीं म्हणणें कठीण जातें.

परंतु हे आंकडे सभेच्या आदल्या रात्रीं जन्मत नाहींत. त्यांकरितां वही हवी. पाणी कोणत्या तारखेस आलें, किती वाजतां लागलें, किती वाजतां तुटलें, हें बांधावरच लिहून ठेवण्याची शिस्त ज्याला आहे त्याला वक्तृत्वाची फारशी गरज पडत नाहीं, असें म्हटलें तरी चालेल. आपल्या पुढाऱ्यांतील मोठमोठ्या वक्त्यांचें बळही असेंच होतें. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ सालीं लंडनला वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गेले तेव्हां ते अवघे तीस वर्षांचे होते. परंतु त्यांच्यामागें न्यायमूर्ति रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी ह्यांनीं करून घेतलेली तयारी होती, आणि त्यामुळें उलटतपासणींत ते डगमगले नाहींत. आपणही निघण्यापूर्वीं घरच्या माणसाला समोर बसवून म्हणावें, आतां मला अडचणींत टाकणारे प्रश्न विचार. ह्या कामाला घरधनीणीसारखें माणूस नाहीं. तिला आपल्या सर्व लंगड्या बाजू ठाऊक असतात.

मराठी मुलखांत लोकांशीं कसें बोलावें ह्याचा सर्वांत मोठा धडा, आमच्या मतें, गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) घालून दिला. ते कीर्तनांत उपदेश थोडा करीत आणि प्रश्न फार विचारीत. भाषा आपल्या वऱ्हाडची, साधी. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढें बकरें कापावें काय, असें लोकांनाच विचारून ते लोकांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. माणूस दुसऱ्याचें म्हणणें विसरतो, परंतु स्वतः चारचौघांत दिलेलें उत्तर सहसा विसरत नाहीं. सभेंतही हें साधन वापरण्यासारखें आहे. “गेल्या वर्षीं तिन्ही पाळ्या पूर्ण मिळालेले किती जण येथें आहेत? हात वर करावा,” एवढ्या एका प्रश्नानें जें काम होतें तें दहा मिनिटांच्या त्राग्यानें होत नाहीं. अट एवढीच कीं, उत्तर काय येणार तें विचारणाराला आधीं ठाऊक असावें.

भाषेविषयीं एक सूचना करणें अवश्य वाटतें. सभेंत उभें राहिलें कीं कित्येकांची बोली बदलते. अहिराणी किंवा मालवणी बोलणारा मनुष्य एकाएकीं “सदरहू”, “उपरोक्त”, “त्या अनुषंगानें” म्हणूं लागतो. हे शब्द त्याच्या अंगावर मागून आणलेल्या कोटासारखे दिसतात. जोतीराव फुले १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषांत गेले होते, आणि तेथें जमलेल्या भरजरी मंडळींवरून देशाची स्थिति जोखूं नये, असें त्यांनीं पाहुण्यांस सांगितलें. वेषाप्रमाणेंच बोलीचेंही आहे. ती आपलीच असावी. मात्र लेखी ठरावांत सरकारी शब्द घालावे. आपण “पाळी” म्हणतों, पाटबंधारे खातें “आवर्तन” म्हणतें. कागदावर “आवर्तन” असलें म्हणजे तो पुढच्या कचेरींत अडत नाहीं.

आतां भीतीविषयीं. उभें राहतांच छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, गुडघे हलतात. हें सर्वांचेंच होतें. पाहणारांना तें आपल्याला वाटतें त्याच्या निम्म्यानेंही दिसत नाहीं. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवावे, एक श्वास पूर्ण सोडावा आणि मग बोलण्यास आरंभ करावा. पहिलीं दोन वाक्यें पाठ असावीं. सगळें भाषण पाठ करूं नये, कारण मधली एक कडी निसटली कीं पुढचें सारें जातें. बाकी मुद्दे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उघड हातांत धरावी, त्यांत लाज कसली? दृष्टि शेवटच्या रांगेंतील माणसावर ठेवावी म्हणजे आवाज आपोआप तेथपर्यंत जातो. माईक असला तर त्यांत ओरडूं नये. आणि वाक्य संपल्यावर थांबावें. आपल्याला ती शांतता फार लांबलेली वाटते. ऐकणाऱ्याला ती विचारापुरतीच मिळते.

आपल्या भगिनींविषयीं निराळें लिहिण्याचें कारण पडूं नये, परंतु पडतें. महाराष्ट्रांत २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांकरितां राखीव आहेत, आणि ग्रामसभेपूर्वीं महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यांत आहे. ती सभा कागदावरच उरकली जात असेल तर पहिली मागणी तीच करावी. सरपंच बाई आणि बोलतात यजमान, हा प्रकार जेथें चालतो तेथें प्रश्न बाईंचें नांव घेऊन बाईंनाच विचारावा व उत्तराची वाट पाहावी.

बोलण्याची वेळ कोणती, हेंही शिकण्यासारखें आहे. पुष्कळ सभासद आपला मुद्दा “अध्यक्षांच्या परवानगीनें येणारे ऐन वेळचे विषय” ह्या शेवटच्या कलमाकरितां राखून ठेवतात. तें कलम येईपर्यंत चहा आलेला असतो, निम्मी सभा चपला शोधीत असते, आणि उरलेल्यांना घरची ओढ लागलेली असते. तेव्हां सूचना हातीं पडतांच आपला विषय लेखी देऊन पोंच घ्यावी आणि तो विषयपत्रिकेंत घालण्याची मागणी करावी. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना चौदा दिवस आधीं निघते ती ह्याच उपयोगाची. अनुमोदक आधींच ठरवून ठेवावा, व तो शक्य तर दुसऱ्या चारीचा, दुसऱ्या भावकीचा असावा. एकाच घरांतले दोघे उठले कीं विषय घरचा ठरतो.

समोरचा बोलत असतां मात्र आपलें पुढचें वाक्य मनांत जुळवीत बसूं नये. त्याचें म्हणणें ऐकावें, आणि उत्तर देण्यापूर्वीं तें त्याच्याच शब्दांत एकदां म्हणून दाखवावें: “आपलें म्हणणें असें कीं, शेवटाकडून पाणी सोडलें तर वाटेंत मुरतें.” तो हो म्हणेल. मग मुरण्याविषयींच बोलावें, बांधाविषयीं नव्हे. त्याचा आक्षेप खरा असेल तर तसें कबूल करून चारी साफ करण्याचें काम ठरावांत जोडून घ्यावें.

सभा होकार देते तेव्हां बहुतेक लोक टाळी वाजवून खालीं बसतात. तेथेंच आणखी अर्धें मिनिट उभें राहावें. ठराव काय लिहिला तो सचिवांनीं वाचून दाखवावा, सूचक व अनुमोदक ह्यांचीं नांवें घालावीं, काम कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करावयाचें तें लिहावें, अशी विनंति करावी. “चर्चा झाली” एवढेंच प्रोसीडिंग बुकांत उतरलें असेल तर तें त्याच क्षणीं बदलून घेणें सोपें असतें. आठ दिवसांनीं तें अवघड होतें, आणि पुढच्या सभेंत अशक्य. दुसऱ्या दिवशीं नकलेकरितां अर्ज द्यावा, आणि ती नक्कल पाण्याच्या वहींतच ठेवावी.